पुलापलीकडचा अर्धा फेरा

माघ सरत आला होता. कृष्णेवर धुके होते, ताकाच्या निवळीसारखे विरळ आणि पांढुरके. त्याच्यामागे सूर्य होता की नुसता उजेड होता, हे अजून ठरायचे होते. घाटाच्या पायऱ्या ओल्या, पायरीला बांधलेल्या नावेचा दोर ओला, देवळाच्या शिखरावरचे पारवेसुद्धा ओले. सगळी सांगली अजून स्वतःच्याच श्वासात गुरफटलेली.

आणि त्या ओल्या, अबोल, अर्ध्या उजेडात मोरेश्वर परचुरे यांना ते पत्र आठवले, ज्याला त्यांनी कधीच उत्तर दिले नव्हते. आठवले म्हणायचे ते रीतीने. आठवायला आधी विसर पडावा लागतो. आणि गेल्या श्रावणापासून ते पत्र त्यांच्या उशाशी, त्यांच्या पुस्तकात, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, असे त्यांच्या घरी राहायलाच आले होते.

पत्र भूपाल मगदुमांचे होते. अक्षर त्यांच्या सुनेचे, पण बोल त्यांचेच.

‘मोरेश्वर, डोळे गेले. मुलाकडं नागपूरला आलोय, खिडकीबाहेर नुसता रस्ता वाजतो. आपला फेरा लिहून पाठव. घाटापासून घाटापर्यंत, एक पाऊल न गाळता. सूनबाई वाचेल, मी चालेन. घाई नाही. पण तुझी सवय मला माहीत आहे, फार उशीर करू नको.’

एवढेच होते. चिमूटभर शब्द, आणि त्यात एका माणसाची सगळी तहान.

तो फेरा दोघांचा होता. बावीस वर्षे, रोज सकाळी. घाटावरून निघायचे, नदीच्या काठाकाठाने आयर्विन पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, सांगलीवाडीत, तिथे मळ्यांच्या कडेने वरच्या अंगाच्या पुलाकडे, तो ओलांडून पुन्हा अलीकडे, मग आमराई, मग छोटी बाग, आणि गणपतीच्या देवळामागून परत घाट. नदीला घातलेली, शहराच्या बोटातल्या अंगठीसारखी, एक गोल वाट.

भूपाल मगदूम पाटबंधारे खात्यात होते. पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे वाचायचे आणि नदीची पातळी वर कळवायची, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. नदी त्यांना तोंडपाठ होती. मोरेश्वर कॉलेजात ग्रंथपाल होते. त्यांना नदीवर लिहिलेले सगळे तोंडपाठ होते.

फेऱ्यात मोरेश्वर बोलायचे आणि भूपाल ऐकायचे. आदल्या रात्री वाचलेले पुस्तक मोरेश्वर पानापानाने उलगडायचे, मान खाली घालून, स्वतःच्या चपलांच्या अंगठ्यांकडे पाहत. कारण मान वर केली की कुणीतरी ओळखीचे भेटते, आणि ओळखीचे भेटले की काहीतरी बोलावे लागते. मध्येच भूपाल म्हणायचे, “खंड्या बघ.” किंवा “सावर फुललीय.” मोरेश्वर म्हणायचे, “हं.” आणि पुढचे प्रकरण सुरू करायचे.

म्हणून श्रावणात, कोरा कागद पुढे घेऊन बसल्यावर, त्यांनी लिहिले: ‘प्रातःकाळी नीलसलिला कृष्णा संथ वाहते.’ आणि त्यांचे पेन थांबले.

निळी होती का ती?

त्यांना ठाऊक नव्हते. बावीस वर्षे, आठ हजार सकाळी, आणि पाण्याचा रंग ठाऊक नव्हता. त्यांनी ते वाक्य खोडले. दुसरे लिहिले. त्यात कुठल्यातरी पुस्तकाचा वास आला. तेही खोडले. भाद्रपदात नवे वाक्य लिहिले, आश्विनात ते फाडले. कार्तिकात त्यांना वाटले, सुरुवात चांगली साधली की उरलेले आपोआप येईल. मार्गशीर्षात वाटले, आता इतका उशीर झाला आहे, तर निदान पत्र तरी उशिराला शोभेल असे हवे.

पौषात फोन आला. भूपालचा मुलगा होता. दोन मिनिटे बोलला. मोरेश्वर “हो, हो” म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ, रिकाम्या खोलीत, “हो” म्हणत राहिले. ते नागपूरला गेले नाहीत. गुडघ्यांचे कारण सांगितले. गुडघे बिचारे काही बोलले नाहीत.

काल सुनेचे पत्र आले. त्रिशलाचे. तेच अक्षर, या वेळी बोलही तिचे.

‘काका, जयजिनेंद्र. तुम्हाला एक सांगायचं आहे, सांगितल्यावर रागवा.

बाबा रोज संध्याकाळी सहाला विचारायचे, मोरेश्वरचं पत्र आलं का गं? पंधरा दिवस मी नाही म्हटलं. सोळाव्या दिवशी माझ्यानं म्हणवेना. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका टेबलावर होती. ती उघडून हातात धरली, आणि वाचायला लागले.

मी विदर्भातल्या कारंज्याची. लग्नानंतर सांगलीला चार वेळा आले, पण नदीपर्यंत कधी गेले नाही. आमच्या स्वयंपाकघरातून नदी दिसत नव्हती. तेव्हा मनाला येईल ते वाचलं. रोज थोडं. एकदा नदीत कमळं फुलली आहेत असं वाचलं. बाबांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग हसून म्हणाले, मोरेश्वर आता बघायला लागला म्हणायचा.

पूल आला की मी थांबायचे. पुलाच्या पलीकडे काय आहे ते मला सुचायचं नाही. पुढचं उद्या, म्हणायचे. आणि उद्या पुन्हा घाटापासून. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी विचारलं, पलीकडचं लिहिलंय का गं त्यानं?

तुमच्या नावावर खोटं बोलले, काका. माफ करा. आणि जमलं तर पलीकडचं तुम्ही लिहा. मी अजून सहाला त्या खुर्चीपाशी जाऊन बसते. हातात कागद नसला की करमत नाही.’

मोरेश्वरांनी ते पत्र रात्रभर वाचले नाही. एकदाच वाचले, आणि रात्रभर त्याच्याशेजारी बसले.

कमळे. वाहत्या कृष्णेत कमळे! तीस वर्षे ज्याने हे पाणी बोटाबोटाने मोजले, पुरात मोजले, दुष्काळात मोजले, त्याच्यापुढे त्या पोरीने कमळांचे ताट ठेवले. आणि त्याने ते हसून, मुकाट्याने, शेवटच्या पाकळीपर्यंत घेतले.

भूपालला कळले होते. त्या दिवशी तरी कळलेच होते.

म्हणून आज माघाच्या या धूसर सकाळी मोरेश्वर एकटेच घाटावर आले होते. काखेत लिहिण्याचे पॅड, खिशात पेन, पाकीट, तिकिटे. त्रिशलाला पलीकडचे हवे होते. आणि पलीकडचे लिहायचे तर ते आज, पहिल्यांदा, पाहावे लागणार होते. पुन्हा घरी नेऊन सुधारायचे म्हटले, तर ते पत्र कधीच जाणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पुरते ठाऊक होते.

त्यांनी मान वर केली. मानेला सवय नव्हती, ती कुरकुरली.

सदा आंबी नावेतले पाणी डब्याने उपसत होता. त्याने पाहिले, आणि डबा हातातच राहिला.

“ओ परचुरे सर! काय हरवलं म्हणायचं?”

“काही नाही. जरा पाणी बघतोय.”

“पाणी?” सदा हसला, आणि नाव त्याच्या हसण्याने हलली. “बावीस वर्सं हितनं जातायसा, आन आज दिसलं व्हय पाणी!”

“कोणत्या रंगाचं म्हणावं रे, सदा?”

“पाण्याला कसला आलाय रंग? आभाळ असंल तसं. आत्ता बगा, चुलीतल्या राखंगत हाय. घटकाभर थांबा, घासल्याल्या हंड्यागत हुईल.” मग तो थांबला. त्याचा आवाज खाली आला. “मगदूम सायेब असतं तर वरनंच हाळी मारली असती. सदा, किती फूट?”

“किती आहे?”

“पुलाला आकडं हायती की. वाचा. जन्मभर वाचायचीच तर नोकरी केलीसा.”

मोरेश्वरांनी पॅडवर लिहिले: राख. मग घासलेला हंडा. शब्द त्यांचे नव्हते, सदाचे होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा शब्द घेताना त्यांना चोरी केल्यासारखे वाटले नाही.

काठाने ते चालू लागले. हळू, फार हळू, नव्याने पाय फुटलेल्या माणसासारखे. धुके उठत होते. आधी नदीचा अलीकडचा काठ उठला, मग पलीकडचा. मग मधले पाणी, राखाडी, मग मोतिया, मग क्षणात, खरोखरच, कुणी चिंचेने घासून ठेवल्यासारखे तांबूस लखलखीत. ते पाहत राहिले. हे रोज होत होते. रोज, त्यांच्या डाव्या हाताला, एका हाकेच्या अंतरावर, हे होत होते; आणि कुणीतरी रोज त्यांना म्हणत होते, बघ.

मग पूल आला. खांबामागून खांब, कमानीमागून कमान. कठड्यावरून वाकून त्यांनी आकडे शोधले. बाराच्या जरा खाली पाणी होते. शेजारी कुणी नव्हते; तरी ते मोठ्याने म्हणाले, “बाराला थोडं कमी, भूपाल.” त्यांचा स्वतःचा आवाज, इतका मोठा, त्यांनी कधी ऐकला नव्हता. सायकलवरच्या दूधवाल्याने वळून पाहिले. मोरेश्वर लाजले, पण मान खाली गेली नाही.

इथे ती थांबायची. रोज संध्याकाळी सहा वाजता, इथे, या कठड्यापाशी, एक मुलगी लग्नाची पत्रिका मिटायची. आणि एक आंधळा माणूस, पुलाच्या ऐन तोंडाशी, रात्रभर उभा राहायचा.

त्यांनी पाऊल उचलले, आणि ते पलीकडे गेले.

पलीकडे ऊस होता. तोडलेला, तोडायचा, ट्रॉलीत रचलेला, रस्त्यावर सांडलेला. त्याच्या हिरव्या गोड वासात कुठूनतरी गुऱ्हाळाचा खरपूस वास मिसळलेला. वाड्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन बायका ओळीने जात होत्या, आणि पानांची टोके त्यांच्या पाठीवर, चालीच्या ठेक्यावर, वरखाली, वरखाली. मळ्याच्या खाली वाळूचा पट्टा होता, आणि पट्ट्यावर एक मगर पडली होती. जबडा उघडा टाकून, ऊन पीत, काळाइतकी निश्चिंत. दोन बगळे तिच्यापासून चार हातांवर उभे होते. तिघांनाही एकमेकांची घाई नव्हती.

मोरेश्वर लिहीत होते. उभ्याने, पॅड पोटाशी धरून, वेडेवाकडे. वाड्यांची टोके. उघडा जबडा. दोन बगळे. विशेषणे दारात येऊन उभी राहत होती, जुनी, नटलेली, ओळखीची. ते त्यांना आत घेत नव्हते. वरच्या पुलावर तारेवरून खंड्या सुटला, निळा, नुसता निळा, आणि पाण्यात बुडून पुन्हा वर आला. निळे काय असते ते त्यांना तिथे कळले, शहात्तराव्या वर्षी, आणि ते पाण्यात नव्हते, पाण्यावर होते.

आमराईत शेवंताबाई खराट्याने पाने ओढत होती. पानगळीचे दिवस, ती पुढे झाडत होती, झाडे मागे टाकत होती. आंब्यांना मोहोर आला होता, आणि त्याचा उग्र, मधाळ वास ओल्या मातीवर बसला होता.

“आलासा?” ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मला वाटलं, जोडीदार गेलं, तर तुमीबी सोडलं. कळलं मला सायबांचं. लई वंगाळ झालं.”

मोरेश्वरांनी मान हलवली. मग, लिहायचेच आहे म्हणून, विचारले, “शेवंताबाई, सावर कुठली हो? तो सारखा म्हणायचा, सावर फुललीय.”

“सावर?” तिने खराट्यानेच दाखवले. गवतात एक रुंद बुंधा होता, जमिनीपासून हातभर कापलेला. त्यावर तिचा जेवणाचा डबा ठेवलेला. “ती म्हापुरात पडली न्हवं का! झाली की पाच-सा वर्सं.”

“छे. गेल्या माघातसुद्धा तो म्हणाला होता. इथेच म्हणाला होता.”

शेवंताबाईने त्यांच्याकडे पाहिले. आधी हसून, आणि मग हसू आवरून.

“सर, त्यास्नी दिसत कुठं हुतं? दोन वर्सं तुमच्या खांद्यावर हात टाकून चालत हुतं की ते. तुमास्नी खरंच ठावं न्हाई?”

पाने पडत होती.

“मला म्हणलं हुतं एकदा. शेवंता, परचुऱ्याला बोलू नगंस. त्येला कळलं तर त्यो बोलायचा थांबंल, आन मग मी चालू कशाच्या धरानं?”

मोरेश्वर बुंध्यावर बसले. डबा त्यांनी आधी हळूच बाजूला ठेवला. रीत त्यांना कधी सुटत नसे. मग बसले.

तो हात. तो जड, उबदार, विश्वासाने टेकलेला हात, ज्याला ते दोन वर्षे जिव्हाळा समजले. आणि जिव्हाळाही होताच. तो हात टेकून एक माणूस, न दिसणारी झाडे, पडलेली झाडे, एकेक करून फुलवत गेला. आणि ज्याला दिसत होते तो चपलांकडे पाहत पुस्तके सांगत गेला. दोघे मिळून दोन वर्षे या शहराला फेरे घालत होते, आणि दोघांतल्या एकालाही शहर दिसत नव्हते. एकाला दिसू शकत नव्हते. आणि एकाला...

“पाणी आणू का सर?” शेवंताबाई म्हणाली.

“नको,” मोरेश्वर म्हणाले. आणि मग, लहान मुलासारखे, तोंड ओंजळीत घालून, मोहोराच्या वासात, भर सकाळी, ते रडले. शेवंताबाई तिथून गेली नाही. ती थोड्या अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून, झाडलेलीच जागा पुन्हा झाडत राहिली.

छोट्या बागेत हास्यमंडळ जमले होते. गोलात उभी राहिलेली म्हातारी माणसे, हात आभाळाकडे, आणि ठरवून, मोजून, गडगडाटाने हसणारी. एरवी मोरेश्वर तिथून पाय उचलून जात. आज ते कडेच्या बाकावर बसले.

“या परचुरे!” कुणीतरी ओरडले. “फुकट आहे! एकदा हसून तर बघा!”

“आज नको,” मोरेश्वर म्हणाले, “आज पत्र लिहायचंय.”

आणि त्या हास्याच्या गदारोळात, त्या गोल, वेड्या, शूर आवाजात, त्यांनी लिहायला घेतले.

‘चि. सौ. त्रिशलास अनेक आशीर्वाद. पूल ओलांडला की उजव्या हाताला ऊस लागतो.’

सुरुवात झाली होती. ती चांगली आहे का, हे त्यांनी वळून पाहिले नाही. ऊस लिहिला, गुऱ्हाळ लिहिले, मगर आणि बगळे लिहिले. खंड्या लिहिला. शेवंताबाईचा डबा लिहिला. सावर नाही हे लिहिले, आणि ती भूपालने दोन वर्षे कशी फुलवली तेही. खांद्यावरच्या हाताविषयी लिहिताना अक्षर मोडले. त्यांनी तसेच मोडके राहू दिले.

मग एकच गोष्ट उरली. ती लिहावी की लिहू नये, यात हास्यमंडळ संपले, माणसे पांगली, चिमण्या खाली उतरल्या. ती लिहिली तर त्या मुलीचे ओझे उतरणार होते. आणि ज्याच्या खांद्यावर ते यायला हवे होते, त्याच्या खांद्यावर ते कायमचे येणार होते.

त्यांनी लिहिले.

‘कृष्णेत कमळे नाहीत, बाळ. कधीच नव्हती. आणि हे भूपालला जितके ठाऊक होते तितके या गावात कुणालाच नव्हते. म्हणजे वाचते आहे कोण, हेही त्याला ठाऊक होते. तरी तो रोज सहा वाजता विचारत राहिला. तो माझ्या पत्राची वाट पाहत होता असे तुला वाटले. मला वाटते, तो तुझ्या आवाजाची वाट पाहत असे. तू खोटे बोलली नाहीस. तू त्याला हाताला धरून पुलापर्यंत नेलेस. मी तेवढेही केले नाही. माफी तू मागायची नाहीस. ती मी मागायची आहे, आणि ज्याच्याकडे मागायची तो आता नाही.’

शेवटची ओळ त्यांनी उभ्याने लिहिली, देवळामागून वळून पुन्हा घाटावर पोहोचल्यावर. ‘इथे फेरा पुरा होतो. आज सहा वाजता मीही हा माझ्या टिपणांवरून मोठ्याने वाचीन, रोज वाचीन. तुला पत्र मिळेल तेव्हा तू तिकडून वाच.’ सही केली. घडी घातली. पाकिटाला जिभेची ओल लावताना जीभ कोरडी होती.

टपालपेटी देवळाच्या रस्त्यावर, फुलवाल्यांच्या पुढे होती. लाल रंगाचे पोपडे उडालेली, उन्हात तापू लागलेली. मोरेश्वर तिच्यापुढे उभे राहिले, आणि सगळ्या शंका, जन्माच्या सोबतिणी, एकदम बोलू लागल्या. दुसऱ्या पानावर ‘पलीकडे’ तीनदा आले आहे. मगरीची जागा नीट कळत नाही. ‘बाळ’ म्हणावे इतकी ओळख कुठे आहे? एकदा, फक्त एकदा घरी नेऊन, स्वच्छ अक्षरात...

पाकीट फटीत अर्धे गेले होते. अर्धे बोटांत होते.

फुलवालीने झेंडूवर पाणी शिंपडले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, सावकाश, घुंगरांच्या नादात, आणि तो नाद दूर दूर जाऊन, कोपऱ्यावर, विरला.

बोटे सुटली.

पाकीट आत गेले. आवाज झाला नाही. तळाशी आधीच कुणाकुणाची सुखदुःखे पडलेली असावीत, आणि त्यांच्यावर ते अलगद टेकले असावे. आत काळोख होता. आणि त्या काळोखात, काठ नसलेली, लाट नसलेली, सहा पानांत घडी घातलेली एक नदी, आपली जन्माची वाट सोडून, हळूहळू, नागपूरकडे निघाली होती.